उन्हाळ्याचं मेण

आउस्टदाल, नॉर्वे
२७ सप्टेंबर १९८७

चि. हेगे हिस आईचे भरभरून आशीर्वाद, आणि गुडरुनवन्संना नमस्कार.

तुमची बस चर्चच्या वळणाआड गेली आणि मी तिथेच उभी राहिले. मग पाद्रीबाबा म्हणाले की बोर्गिल, बस गेली, आता हात खाली कर. तेव्हा मला कळलं की मी अजून हात हलवतेच आहे.

मेंढ्या डोंगरावरून सगळ्या खाली आल्या, एक लंगडी सोडली तर. तीही शेजारच्या कळपात सापडली. बटाटे काढायला शाळेतली मुलं आली होती. तुझ्या वाटणीच्या ओळी त्यांनी आपणहून काढल्या आणि एक पैसा घेतला नाही. त्यांच्यापैकी दोघांच्या घरी तुम्ही विकलेल्या टॉयलेट पेपरचे गठ्ठे अजून जिन्याखाली रचलेले आहेत म्हणे. तुमच्या संघाला ऑस्ट्रियाला धाडण्यासाठी या गावाने जेवढा कागद घेतला, तेवढा आपल्या हयातीत संपायचा नाही. पाद्रीबाबा एकटे राहतात, पण चार गठ्ठे घेऊन बसलेत. हे संपेपर्यंत तरी वर बोलावणं येणार नाही, असं ते म्हणतात. पोरी, तिथे बर्फावर उभी राहशील तेव्हा या लोकांची आठवण ठेव.

परवा पुस्तकांची बस आली होती. ती चालवणाऱ्या ऑडमुनने माझ्यासाठी एक जाडजूड रशियन कादंबरी बाजूला ठेवली होती. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं. बाबा असते तर मध्येच जागे होऊन हा कोण आता, असं विचारलं असतं आणि मी मागची दोन पानं पुन्हा वाचली असती. आता कुणी विचारत नाही, त्यामुळे पुस्तकं लवकर संपतात.

तुझ्या शर्यतीच्या स्की तू बाबांच्या घोंगडीत गुंडाळून नेल्यास, ते मी पाहिलं. उन्हाळ्यात गंज चढू नये म्हणून तळावर आणि पोलादी कडांवर जे जाड मेण चढवून ठेवतात, ते यंदा तुलाच खरवडावं लागेल. दरवर्षी बाबा खरवडायचे आणि तू शेजारी उभी राहून घाई करायचीस. या वेळी घाई करायला कुणी नाही, तेव्हा सावकाश कर. झालं की मला कळव. त्या मेणाची एक गंमत तुला सांगायची आहे, पण ती खरवडून झाल्यावरच.

पाय कोरडे ठेव. आत्याला उलट बोलू नकोस. बोललीस तर निदान तिचा तुम्हा सगळ्यांसाठीचा स्वयंपाक व्हायच्या आत बोलू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
आई

---

हिंटरट्युक्स, ऑस्ट्रिया
२ ऑक्टोबर १९८७

ती. आईस हेगेचा साष्टांग नमस्कार, बर्फात पडून घातलेला.

तुझं पत्र आज आलं. स्टाइनारने जेवताना सगळ्यांसमोर ते उंच धरून विचारलं की एवढं जाड पत्र, आईने सोबत मेंढी पाठवलीय का? आमचे हे कोच महाशय इथे आल्यापासून फारच विनोदी झालेत. घरमालकिणीचा फोन जोड्यांच्या रॅकशेजारी आहे. हाड मोडलं तरच फोन, असा स्टाइनारचा नियम. संघातल्या तोनेने विचारलं की करंगळीचं हाड चालेल का?

आत्याने पेटीभर तपकिरी चीज आणलंय, ते तुला ठाऊकच आहे. जर्मनीच्या सरहद्दीवर अधिकाऱ्याने वास घेऊन विचारलं की हा साबण आहे का? आत्याने सुरी काढली (सुरी पाहून तो मागे सरकला), एक पातळ काप काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने खाल्ला. मग त्याने बाकीचं सामान उघडलंच नाही.

पहाटे तारेवरच्या पाळण्यातून वर हिमनदीवर जातो. दुपारी बर्फ भिजून जड होतो, तोवर खांब लावून सराव करतो. नंतर खाली येऊन फुटबॉल आणि गणित. दोन्हीत माझी गत सारखीच.

वेळ लावून दोन फेऱ्या झाल्या. तोने पहिली आली. मी शेवटून दुसरी. स्टाइनारने विचारलं की हेगे, तू उतरत होतीस की देखावा बघत होतीस? मी जुन्या स्कीवर उतरते आहे. इथे मध्येच दगड वर आलेत, चांगल्या स्की कशाला खराब करायच्या? बर्फ नीट पडला की काढीन.

मेणाची गंमत आत्ताच सांग ना. ते खरवडण्याशी तिचा काय संबंध?

काळजी करू नकोस. मेंढ्यांना मुका दे, लंगडीला दोन.

तुझी माया आहे तेवढी पुरे आहे, तरी थोडी जास्त धाडावी.
हेगे

---

हिंटरट्युक्स
४ ऑक्टोबर १९८७

प्रिय बोर्गिल हिस गुडरुनचा स. न. वि. वि.

पत्रं लिहिणं हे माझं काम नाही, तुला माहीत आहे. वीस पोरांचं कालवण ढवळता ढवळता लिहिते आहे, तेव्हा डाग पडले तर समजून घे.

तुझी मुलगी तुला काय लिहिते ते मी विचारलं नाही. पण ती दगडांबद्दल काही लिहीत असेल तर विश्वास ठेवू नकोस. इथे दगडबिगड काही नाही. बाकीच्या सगळ्या पोरी आपापल्या चांगल्या स्कीवर उतरतात. हिच्या चांगल्या स्की हिच्या पलंगाखाली आहेत, हाल्वारच्या घोंगडीत. मेण तसंच्या तसं.

परवा दुपारी मी तळघरात कांदे आणायला गेले. तिथेच पोरं स्की घासतात. ही एकटी होती. स्की बाकावर उलटी ठेवलेली, हातात खरवडायची पट्टी, आणि ही नुसती उभी. मी कांदे निवडायचं नाटक केलं. तेवढ्यात तोने आली आणि म्हणाली की दे इकडे, मी काढून देते, दहा मिनिटांचं काम. पोरीने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. पण हेगे तिच्यावर अशी ओरडली की वरून घरमालकीण धावत आली. मग ही मला म्हणाली की आत्या, हे बाबांच्या हातचं शेवटचं आहे. हे काढलं की संपलं.

बोर्गिल, माझाच भाऊ तो. त्याने विणायला घेतलेलं मासे धरायचं जाळं अजून माझ्या खुंटीवर अर्धवट लटकतंय आणि मी त्याला हात लावत नाही. मी तिला कांदे उचलायला लावले, एवढंच.

आता मुद्द्याचं. मंगळवारी तेरा तारखेला मुलींची चाचणी आहे. पहिल्या चौघी हिवाळ्यासाठी जिल्हा संघात जाणार. जुन्या स्कीवर हिला जागा मिळणं कठीण, असं स्टाइनार म्हणतो. त्याला खरं कारण माहीत नाही. त्याला वाटतं की बाप गेल्यापासून हिचं खेळातलं मन उडालं. हिने त्याला सांगितलंय की यंदा निवड झाली नाही तर मी सोडून देणार. ते तुला लिहिलंय का? नाही ना?

तिला समजावायचं कसं ते तू सांग. मला फक्त वाढता येतं.

घरमालकिणीने आपलं तपकिरी चीज चॉकलेट समजून केकमध्ये घातलं. वाईट नव्हतं.

आहे तसा जिव्हाळा ठेव, मी तो धरूनच चालते.
गुडरुन

---

आउस्टदाल
८ ऑक्टोबर १९८७

चि. हेगे हिस आईचे अनेक आशीर्वाद.

वन्संचं पत्र आज दुपारी आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी मला लिहिलं नसतं तर मी त्यांच्यावर रागावले असते.

फोन करायचं मनात आलं होतं. पण तो फोन जोड्यांच्या रॅकशेजारी आहे, आणि हे तिथे उभं राहून ऐकायचं नाही. म्हणून लिहिते आहे. संध्याकाळी दुधाची गाडी येईल, ड्रायव्हरला सांगून हे थेट शहरातल्या पोस्टात टाकायला देते. मंगळवारच्या आत पोचायला हवं.

गंमत तुला खरवडून झाल्यावर सांगायची, असं बाबांनी ठरवलं होतं. ते स्वतः सांगणार होते. आता मी आधीच सांगते.

ते मेण बाबांनी चढवलेलं नाही. मी चढवलंय.

मे महिन्याची सुरुवात होती. तू शाळेच्या सहलीला गेली होतीस. बाबांचे हात तेव्हा इतके थरथरायचे की कपातली कॉफी बशीत यायची. तरी ते म्हणाले की हेगेच्या स्की उघड्या राहिल्या तर गंजतील, मला कामाच्या खोलीत ने. मी त्यांना नेलं, त्या तीन पायांच्या स्टुलावर बसवलं आणि घोंगडी पांघरली. त्यांनी मेण वितळवायची इस्त्री हातात घेतली आणि खाली ठेवली. मग मला म्हणाले की बोर्गिल, इतकी वर्षं तू माझे शर्ट इस्त्री केलेस, आता हे कर.

मी त्या इस्त्रीला कधी हात लावला नव्हता. आधी ती इतकी तापली की धूर निघाला. बाबा म्हणाले की मेण वितळवायचंय, घर जाळायचं नाही. मग मी हात आखडून ओतायला लागले तर म्हणाले की तू माझ्या आईसारखी आहेस, पावाला लोणी लावायची की दाखवायची ते कळायचं नाही. मग मी रागाने ओतलं. ते बाजूंवरून खाली ओघळलं, बाकावर सांडलं, माझ्या स्वेटरला लागलं. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. थांबल्यावर म्हणाले की हिला आत्ता सांगू नकोस, या स्कीवरचा तिचा विश्वास उडेल. शरद ऋतूत यंदा तीच खरवडायला घेईल आणि इतकं मेण कुणी चोपडलं म्हणून कुरकुरेल, तेव्हा मी सांगेन की तुझ्या आईने. तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.

जूनमध्ये ते गेले. गंमत माझ्याकडेच राहिली. ती एकटीने कशी सांगायची, ते मला कळत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवल्याप्रमाणेच चालायचं ठरवलं.

आता आणखी एक. कडा मात्र त्यांच्या आहेत. मार्चमध्ये, हात अजून धड होते तेव्हा, ते रोज संध्याकाळी थोडा वेळ कानस घेऊन बसायचे. मी शेजारी वाचत असायचे आणि त्या कानशीचा आवाज मला अजून आठवतो. काम पुरं झालं तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे धार बघायला कडेवर नख ओढून मला नखाचा पांढरा कीस दाखवला होता. त्यानंतर त्या कडा एकदाही बर्फाला लागलेल्या नाहीत. माझ्या मेणाखाली आहेत.

पोरी, तू माझं गचाळ काम जपून ठेवलंस आणि त्यांचं चांगलं काम त्याखाली झाकून राहिलं. मेण खरवड. माझं आहे, मला वाईट वाटणार नाही. आणि सोडायचं असेल तर खुशाल सोड, पण त्या कडांवर एकदा उतरून मग सोड.

वन्संना सांग की जाळं पुरं विणायला मी बसेन त्यांच्याबरोबर. मला येत नाही, पण मला इस्त्रीही येत नव्हती.

माया जास्त धाडावी असं तू लिहिलंस. आहे तेवढी सगळी या पाकिटात आहे.
आई

---

हिंटरट्युक्स
१५ ऑक्टोबर १९८७

ती. आईस हेगेचा कृतानेक नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी सकाळीच आलं, दुधाच्या गाडीवाल्याला माझे आभार सांग. पण आई, चाचणी रविवारीच होऊन गेली होती. वादळ येणार म्हणून स्टाइनारने ती अलीकडे घेतली. मुलींची झाली आणि मुलांची व्हायच्या आत वादळ आलंच. मी जुन्या स्कीवर उतरले. पाचवी आले. चौघींची यादी दारावर लागली, तिच्यात मी नाही. तोनेने मला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि मी बाथरूममध्ये जाऊन बसले. आत्याने दाराबाहेरून सांगितलं की आत बसायचं तर बस, पण कागद जपून वापर, तो आपल्या गावचा नाही.

मंगळवारी बाहेर काही दिसत नव्हतं. मी पलंगावर बसून तुझं पत्र वाचलं. मग तळघरात गेले. आत्यालाही बोलावलं. तिने हात पुसून पत्र वाचलं, दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाली की हाल्वार गाढव होता. मग डोळे पुसले आणि म्हणाली की दे ती पट्टी, एक स्की तू, एक मी.

आई, काय गं ते मेण. किती ते! बाजूंवर ओघळ, टोकाला गोळा, मागे बोटांचे ठसे. हे बाबांचं नाही, हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं. त्यांनी बाजूवर कधी एक थेंब पडू दिला नाही. आणि डाव्या स्कीच्या मेणात एक राखाडी लोकरीचा धागा अडकलेला होता. मी इतके दिवस तो त्यांच्या घोंगडीचा समजत होते, आणि रात्री झोपताना पलंगाखाली हात घालून त्याला बोट लावायचे. तो तुझ्या स्वेटरचा आहे. आत्याला दाखवला तर ती म्हणाली की ही लोकर मीच दिली होती. मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की घरमालकीण पुन्हा धावत आली.

मेण निघालं आणि खाली कडा आल्या. एक ठिपका गंज नाही. मी नख ओढलं. पांढरा कीस निघाला.

मग तोनेकडे गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली की माफी नको, तुझ्या आत्याला सांगून मला चीजचा जास्तीचा काप मिळवून दे.

काल आभाळ मोकळं झालं, तेव्हा मुलांची चाचणी. ताज्या बर्फावर सगळ्यांच्या आधी एकाने उतरून वाट उघडायची असते. त्याची वेळ धरत नाहीत, नाव लिहीत नाहीत, त्यामुळे कुणाला ते काम नको असतं. मी मागितलं. वरून खाली पाहिलं तर खांबांच्या मधोमध एकही रेघ नव्हती. उतरले. आई, मला ते नीट सांगता येणार नाही. पहिल्या वळणाला कड अशी धरली की मागून कुणीतरी हात धरल्यासारखं वाटलं. नंतर वाटायचं थांबलं, मी फक्त उतरत होते. खाली पोचले तेव्हा मला रडू आलं नव्हतं, मला पुन्हा वर जायचं होतं.

स्टाइनारने घड्याळ लावलं नव्हतं. मुलांना त्याने एवढंच सांगितलं की ती जिथून गेली तिथून जा. मग माझ्याजवळ येऊन विचारलं की या स्की इतके दिवस कुठे होत्या? मी म्हटलं की पलंगाखाली. तो म्हणाला की यादी बदलणार नाही. मी म्हटलं की बदलू नका, तोने आणि त्या तिघी नीट उतरल्या, मी नाही. मग तो म्हणाला की जानेवारीत पुन्हा चाचणी आहे, तोवर घरच्या डोंगरावर सराव सगळ्यांना मोकळा आहे.

मी येणार आहे, असं त्याला सांगितलं. तुलाही सांगते.

तो धागा पाकिटात घालून तुला पाठवणार होते. मग ठेवून घेतला.

वीस तारखेला संध्याकाळी पोचतो. रस्त्यात जर्मनीचा तो अधिकारी भेटला तर त्याच्यासाठी आत्याने एक वडी राखून ठेवलीय.

तुझा लोभ मेणासारखा जाड आहे, तो बाजूंवरून ओघळला तरी मला चालेल.
हेगे

---

आउस्टदाल
२० ऑक्टोबर १९८७, दुपार

चि. हेगे हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि संध्याकाळी तूच येशील. म्हणून हे टपालात टाकत नाही. स्की ठेवायला तू कामाच्या खोलीत जाशीलच, तेव्हा तिथे बाकावर सापडेल.

जूननंतर मी त्या खोलीत आज पहिल्यांदा गेले. मे महिन्यात सांडलेलं मेण बाकावर तसंच होतं. ते मी खरवडलं. सोपं काम आहे, आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. खिडकी पुसली, शेगडी पेटवली. सरपण पाद्रीबाबांनी आणून दिलं. हेगे संघात आली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की नाही, पण परत येते आहे. ते म्हणाले की मग बरं. गावात आणखी चौघांनी विचारलं आणि चौघांना मी हेच सांगितलं. कुणी वाईट तोंड केलं नाही. दूधवाल्याला तुझे आभार सांगितले. एरवी बोलत नाही तो, पण म्हणाला की पुढच्या वर्षीही कागद घेईन. या सगळ्यांचं देणं कसं फिटायचं, ते मला कळत नाही. तू उतरत राहा, ते बघत राहतील, यापलीकडे त्यांनीही काही मागितलेलं नाही.

ती रशियन कादंबरी संपली. शेवटी कोण कोण जिवंत राहतं ते वन्संना सांगायचं आहे. त्यांना नावं आठवणार नाहीत, मग मी मागची पानं पुन्हा वाचीन.

मेण काढल्यापासून आठवडाभरात त्या तळाला मेणाची तहान लागली असेल. इस्त्री मी बाकावर काढून ठेवली आहे, फार तापवणार नाही. माझा स्वेटर बदललेला नाही. तीन पायांचं स्टूल शेगडीजवळ सरकवलंय आणि वर घोंगडी घालायला जागा ठेवली आहे.

जेवण झालं की ये. या वेळी स्टुलावर तू बसायचंस, आणि मी कुठे कंजुषी करते आणि कुठे सांडते, ते सांगायचंस.

आहेच तुझी,
आई